दाजींची टाकी

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की माणसं नारळ फोडतात, शेजाऱ्यांना पेढे वाटतात. दाजी कोतवडेकरांनी खिशातून टेप काढली. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधला तो फ्लॅट त्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजला, खिडक्या मोजल्या, मग बादलीभर पाणी हॉलच्या मधोमध ओतलं आणि ते कुठे जातं ते बघत उभे राहिले. पाणी बाल्कनीकडे जायचं सोडून देवघरासाठी धरलेल्या कोपऱ्याकडे निघालं. बिल्डरचा माणूस हसून म्हणाला, "साब, थोडा ढलान अपने आप आ गया." दाजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी हजर होता.

ही ब्याण्णव सालातली गोष्ट. त्याआधी ही मंडळी लालबागला चाळीत राहायची. तिथे बायकोचे भाऊ एकामागून एक रत्नागिरीहून नोकरी शोधायला येऊन राहिले. ते यांना दाजी म्हणायचे, म्हणून चाळ दाजी म्हणू लागली, आणि मीरा रोडला सामान आलं तेव्हा सामानाबरोबर हे नावही आलं. खरं नाव लाइटच्या बिलापुरतं उरलं.

दाजी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांतले काटे तपासायचे, वजनं उलटी करून त्यांच्या बुडाचं शिसं कोणी कोरलंय का बघायचं, लिटरच्या मापाला बाहेरून दणका देऊन चेपलंय का ते पाहायचं, यात त्यांची हयात गेली. त्यात ते इतके मुरले की कोणत्या बाजारात कोण काटा मारतो हे त्यांना दुकानात पाऊल टाकायच्या आधी कळायचं. त्यांचा एक आडाखा होता. साहेब आल्यावर जो दुकानदार आपलं काम करत राहतो तो बहुधा सरळ. जो पुढे येतो, खुर्ची पुसतो, चहा सांगतो, त्याचा काटा आधी तपासायचा. आणि दुसरं म्हणजे, खोटं वजन हातात सापडलं की प्रत्येक जण एकच शब्द बोलायचा, आपोआप. साहेब, शिसं आपोआप झिजलं. साहेब, दांडी आपोआप वाकली. जगात आपोआप काही होत नाही, असं दाजींचं ठाम मत झालं होतं, आणि आपोआप म्हणणारा माणूस सापडला की त्याची पाठ सोडायची नाही, हेही.

नोकरीत हा गुण होता. घरात त्याचं काय करायचं हे मात्र कोणी त्यांना सांगितलं नाही. रिटायर झाल्यावर तर तपासायला दुकानं उरली नाहीत, मग दूधवाला, पेपरवाला, सोसायटीचा वॉचमन, जो हाताला लागेल तो. उत्तनहून टोपली घेऊन येणारी मासेवाली तेवढी त्यांना पुरून उरली होती, कारण ती मासळी वाट्यावर विकायची. काटाच नाही तर तपासणार काय? दाजी मग प्रत्येक बोंबिलाचा कल्ला उघडून बघायचे. "घ्यायची हाय तं घे," ती म्हणायची, "नाय तं हात नको लाऊ. डाक्तर हायस का तू?" दुर्गाबाई, म्हणजे दाजींच्या बायको, मागच्या मागे पैसे देऊन मोकळ्या व्हायच्या.

पण या सगळ्यात दाजींचा खरा जीव अडकला होता तो मृणालिनीत. एकुलती एक मुलगी, अंधेरीला एका कंपनीत नोकरी, हुशार. लहानपणी शाळेतून आली की चप्पल काढता काढता दिवसभराचं सगळं बडबडणारी ही पोर आता जेवताना ताटाकडे बघून जेवायची. काही विचारलं की "ठीक आहे", "काही नाही", "बघू". दाजींना हे आतून खात होतं. मुलगी आपल्यापासून काहीतरी लपवतेय आणि ते कळायच्या आत ती हातची जाणार, अशी त्यांची खात्री झाली होती. तिची दोन स्थळं त्यांनीच मोडली होती, एकात मुलाच्या ऑफिसातल्या शिपायाकडे यांनी चौकशी केली हे तिकडे कळलं म्हणून, दुसऱ्यात मुलाच्या आईने फारच गोड बोलून हिचं कौतुक केलं म्हणून. दोन्ही वेळा त्यांनी हे मुलीच्या मायेपोटीच केलं होतं, यात तसूभर खोटं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर त्यांना धागा सापडला. मृणाल दर शनिवारी "कॉम्प्युटर क्लासला जातेय" म्हणून बाहेर पडायची. दाजी सहज फिरत फिरत क्लासवर गेले. तिथल्या बाईने सांगितलं, ती बॅच तर दिवाळीआधीच संपली.

"तिलाच विचारा ना सरळ," दुर्गाबाई म्हणाल्या.

"विचारल्यावर खरं कोण सांगतं?"

"अहो, मुलगी आहे ती तुमची. किराणावाला नाही."

पुढच्या शनिवारी दाजी उन्हाची छत्री आडवी धरून तिच्या मागून निघाले. मृणाल स्टेशनच्या बाजूला वळली, एका नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात शिरली. बाहेर पाटी होती, रोशन कॉम्प्युटर्स. आत तीनचार मशिनं, आणि एक उंच, सावळा तरुण. मृणाल आत शिरताच तो हसला आणि त्याने तिच्यासाठी खुर्ची पुसली.

दाजींच्या कपाळावरची शीर उडाली.

खात्यात असताना अशा वेळी बनावट गिऱ्हाईक पाठवायची पद्धत होती. साहेब गेला तर काटा सरळ होतो. मग साधा माणूस पाठवायचा, एक किलो साखर घ्यायला सांगायचं आणि ती बाहेर मोजायची. आता खात्याचं माणूस नव्हतं, तेव्हा दाजी स्वतःच बनावट गिऱ्हाईक झाले. मृणाल अंधेरीला असेल असा मधला वार धरून, डोक्यावर टोपी घालून ते गाळ्यात गेले. नाव सांगितलं ईश्वरभाई. बोलायचं हिंदीत असं ठरवलं होतं.

"कॉम्प्युटर सिखना है," ते म्हणाले. "लेकिन पहले देखेगा, क्या क्या है."

"बसा ना अंकल," रोशन मराठीतच म्हणाला. उत्तनचा होता तो, मच्छीमाराच्या घरातला, आणि माणूस कुठला हे त्याला हिंदीच्या पहिल्याच वाक्यात कळत असावं. "टायपिंग नंतर शिकवतो. आधी माऊस हातात बसायला पाहिजे. तुम्हाला एक गेम देतो."

दाजींनी माऊस उचलला, उलटा केला, बुडाची गोळी अंगठ्याने फिरवून बघितली आणि परत ठेवला. रोशन क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला, मग त्याने गेम चालू केला.

पडद्यावर पाण्याची टाकी आली. तळाला दगड, मागे हिरवं शेवाळ, आणि मधे मूठभर मासे, अगदीच साधे, लहान मुलाने पाटीवर काढावेत तसे. रोशनने समजावलं. यातला जो मासा नको असेल त्याच्यावर माऊस नेऊन बटण दाबायचं, तो जातो. उरलेले अंडी घालतात. आईबापाचे गुण पिल्लात उतरतात, रंग, शेपूट, पर, स्वभावसुद्धा, पण दर वेळी थोडे इकडेतिकडे होऊन. असं करत करत पिढ्या जातात आणि शेवटी असे मासे येतात की जे कोणी पाहिलेले नाहीत.

"वो नया मछली का चित्र कौन निकालता है?" दाजींनी विचारलं.

"कोणीच नाही काढत अंकल. तीच तर मजा आहे. आपोआप होतात."

झालं. दाजींच्या मनात खटला तिथेच उभा राहिला. हा पोरगा आत कुठेतरी चित्रं भरून ठेवतो, एकेक बाहेर सोडतो आणि आपोआप झालं म्हणून पोरींना भुलवतो. मृणालसारखी मुलगी अशा चमत्काराला फसणार नाही तर काय?

"ये तुमने बनाया?"

"मी आणि माझ्या पार्टनरने. डोकं पार्टनरचं, गाळा माझा."

म्हणजे टोळी आहे, दाजींनी मनात नोंद केली.

रोशनने त्यांना त्यांची वेगळी टाकी उघडून दिली, ईश्वरभाई या नावाची. प्रत्येक गिऱ्हाइकाची टाकी मशीनमध्ये राहायची, पुढच्या वेळी आलं की तीच उघडायची. दाजी त्यानंतर नेमाने येऊ लागले. घरी सांगायचे, काशीगावला एका ओळखीच्याकडे जातोय.

आता टाकीचं काय झालं ते ऐका. माऊस हलला की काही मासे त्याच्याकडे यायचे, काचेला तोंड लावायचे. बाकीचे आपल्या नादात असायचे आणि एखाददुसरा शेवाळात दडायचा. दाजींनी पहिल्याच दिवशी ओळखलं की पुढे येतात ते मासे पोराने पेरलेले आहेत, गिऱ्हाइकाला खूश करायला. त्यांनी त्यांना टिपून काढलं. पिल्लं आली. त्यांतलीही जी पुढे आली ती काढली. एक मासा फार देखणा निघाला, केशरी, लांब झुळझुळीत शेपटीचा. तो सरळ काचेशी येऊन दाजींसमोर थांबला. दाजींचा हात थबकला. मग वाटलं, इतका देखणा आणि इतका पुढे पुढे करणारा, म्हणजे यात नक्की काहीतरी आहे. तो गेला.

दिवस जात होते तशी एक गोष्ट झाली, जी दाजींनी स्वतःशीही कबूल केली नाही. त्यांना मजा येऊ लागली. सकाळी आंघोळ करताना आज कोणती पिल्लं आली असतील असा विचार मनात यायचा. माऊस हातात बसला होता. रोशन चहा मागवायचा तो ते प्यायचे, कपाच्या बुडाशी बघून, पण प्यायचे. घरीही त्यांचं वॉचमनकडे जरा दुर्लक्ष झालं. मृणाल एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, हल्ली खुशीत दिसताय." कितीतरी महिन्यांत तिने आपणहून काढलेलं ते पहिलं बोलणं होतं. दाजी म्हणाले, "का? असं का विचारतेस?" मृणालने मान खाली घातली आणि भात कालवला.

टाकी मात्र ओस पडत चालली. आधी रंग गेले. मग मोठे मासे गेले. काचेपाशी यायचं तर सोडाच, माऊस आत शिरला की टाकीत हालचाल म्हणून उरायची नाही. आणि एका सकाळी दाजींनी टाकी उघडली तर आत दगड, शेवाळ आणि पाणी. एक मासा दिसेना. त्यांनी माऊस सगळीकडे फिरवून बघितला. काही नाही.

दाजींना खरं तर हुरहुर वाटायला हवी होती. त्यांना आनंद झाला. भरलेली चित्रं संपली, माल खलास, चोरी उघडी पडली. नोकरीत असताना खोटं वजन हातात आलं की यायचा तसा जुना कढ अंगातून गेला. शनिवारी मृणालसमोर पंचनामा करायचा, तिचे डोळे उघडायचे आणि हात धरून घरी आणायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

शनिवारी ते टोपी न घालता गेले. मृणाल रोशनच्या शेजारच्या मशीनवर बसली होती. बापाला दारात बघून ती उभी राहिली, पण दाजींनी जी घाबरगुंडी अपेक्षिली होती ती काही तिच्या चेहऱ्यावर दिसली नाही.

"बस," दाजी म्हणाले. "तू बस. मला याच्याशी बोलायचंय." आणि रोशनकडे वळून मराठीत, खात्यातल्या आवाजात म्हणाले, "ईश्वरभाईची टाकी उघडा."

रोशनने उघडली. दगड, शेवाळ, पाणी.

"मासे कुठायत?"

"आहेत ना अंकल."

"मला दाखवा. आपोआप होतात म्हणालात ना, मग आपोआप संपले कसे? आत चित्रं भरली होतीत तेवढी दाखवून झाली, असं सरळ सांगा." ते मृणालकडे वळले. "बघितलंस? यासाठी तू खोटं बोलून इथे येतेस. हा माणूस लबाड आहे. मी याला महिनाभर तपासलाय."

रोशन काही बोलणार तेवढ्यात मृणालने हाताने त्याला थांबवलं. ती येऊन त्याच्या खुर्चीवर बसली. तिची बोटं भराभर चालली, पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या, तिने त्यातलं काहीतरी खोडलं, आणि टाकी परत आली तेव्हा मागचं शेवाळ नव्हतं.

टाकी माशांनी गच्च भरली होती. सुईसारखे बारीक, गाळाच्या रंगाचे, एकमेकांना चिकटून सगळे मागच्या भिंतीला लागून राहिले होते. पर जवळजवळ नव्हतेच. मृणालने माऊस हळूच त्यांच्याकडे नेला तशी सगळी टाकी एकदम कोपऱ्यात दबली.

दाजी पुढे वाकून बघत राहिले.

"जो पुढे आला तो तुम्ही काढलात," मृणाल म्हणाली. तिचा आवाज शांत होता, क्लासमध्ये शिकवावं तसा. "जे लपले ते राहिले. मग त्यांची पिल्लं, त्यांतली जी जास्त लपली ती. गेममध्ये काही बिघाड नाहीये बाबा."

"हे तुला कसं माहीत?"

"मी लिहिलाय."

"काय लिहिलंयस?"

"गेम. सगळा. रोशनने जागा दिली, मशीन दिलं. तो दुसऱ्यांना खेळवून बघायचा आणि मला सांगायचा कुठे अडतंय. दीड वर्ष चाललंय."

दाजी बाजूच्या स्टुलावर बसले. बाहेर रिक्षावाले सवारीसाठी ओरडत होते. रोशन हळूच उठून दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

"आणि मी इथे यायचो ते तुला..."

"पहिल्या दिवशीच कळलं. तुम्ही माऊस उलटा केलात. रोशनने संध्याकाळी फोन केला, तुझे बाबा आले होते बहुतेक." मृणाल किंचित हसली, पण ते हसू टिकलं नाही. "मीच त्याला म्हटलं, ओळख दाखवू नकोस. तुम्ही रोज यायला लागलात. मला वाटलं, तुम्हाला आवडतंय. घरी येऊन तुमच्याकडे बघायचे, आज काही बोलाल. मग टाकी उघडून बघितली तर एकेक चांगला मासा गेलेला."

"मला सांगायचं होतंस. मी बाप आहे तुझा. सांगितलं असतंस तर..."

"सातवीत स्कॉलरशिपला मी केंद्रात पहिली आले होते," मृणाल म्हणाली. "आठवतं? मी पळत घरी आले, तुम्हाला सांगितलं. तुम्ही चप्पल घातलीत आणि शाळेत गेलात. बाईंना विचारलंत, मार्क नीट मोजलेत का, दुसऱ्या कोणाचे हिच्या नावावर पडले नाहीत ना. सगळ्या वर्गासमोर. बाई म्हणाल्या, बरोबर आहेत. मग तुम्ही घरी आलात आणि म्हणालात, हां, बरोबर आहेत."

दाजींना आठवलं. त्यांना हेही आठवलं की त्या दिवशी ते शाळेतून परत येताना रस्ताभर आनंदाने फुलून गेले होते. खात्री झाली होती ना. त्या खात्रीनेच त्यांना एवढा आनंद झाला होता. तो आनंद मुलीपर्यंत कधी पोचलाच नाही हे त्यांना आज, या गाळ्यात, साठी उलटल्यावर कळत होतं. त्यांना फार वाईट वाटलं. इतकं की काय करावं ते सुचेना आणि त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

"त्यानंतर मी तुम्हाला काय काय सांगितलं नाही, ते माझं मलाही नीट आठवत नाही आता," मृणाल म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच दाजींना जास्त लागलं.

मग मृणालने खुर्ची त्यांच्याकडे फिरवली.

"अजून एक आहे. आज घरी सांगणारच होते, आईला माहितीय. बंगलोरच्या एका कंपनीने हा गेम बघितला आणि मला नोकरी दिली. पुढच्या महिन्यात जातेय मी."

दाजींच्या तोंडाशी एका दमात सगळं आलं. कोणती कंपनी? पत्ता काय? नुसता गेम बघून कोणी नोकरी देतं का? देतं म्हणजे त्यांना हवंय काय? राहणार कुठे? हा उत्तनचा मुलगा पण जातोय का? जीभ उचललीच होती. समोर पडद्यावर ते बारीक मासे कोपऱ्यात दबून बसले होते. दाजींनी तोंड मिटलं. घसा खाकरला. आणि जन्मात पहिल्यांदा, काहीही न तपासता, ते म्हणाले, "छान झालं. मला आनंद झाला, मृणाल."

ते खरं होतं. मनापासून खरं होतं.

मृणालने मान थोडी तिरकी केली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. डोळ्यांत, ओठांच्या कडांत, चष्मा पुसणाऱ्या हातात, कुठे काही दडवलंय का ते ती शोधत होती.

"खरंच?" तिने विचारलं. "पण असं का म्हणताय?"